वकील बदलण्याआधी दाव्याचा रोजनामा वाचा

वाचक भगिनीचे पत्र थोडक्यात, त्यांची ओळख कळणार नाही अशा बेताने:

करवीर तालुक्यात माहेर आणि गडहिंग्लज तालुक्यात सासर असलेल्या ५३ वर्षांच्या एका भगिनीने लिहिले आहे. त्यांचे वडील १९९८ मध्ये वारले. वडिलोपार्जित साडेतीन एकर बागायत आणि गावातले घर दोन भाऊ वहिवाटतात. वाटणीचा विषय काढला की "तुझ्या लग्नात सोनं घातलं, तेव्हाच तुझं भागलं" असे ऐकवतात. २०२१ मध्ये त्यांनी कोल्हापूरला वाटपाचा दावा लावला. वकील दिरांच्या सोयरिकीतले, त्यामुळे फी ठरवली नाही आणि पावती मागितली नाही. वकीलपत्रासोबत काही कोऱ्या कागदांवरही सह्या दिल्या. आजवर सत्तर-बाहत्तर हजार रुपये गेले असावेत, असा त्यांचा अंदाज आहे. चार वर्षांत "तारीख पडली" यापलीकडे काही कळत नाही, फोन उचलला जात नाही, आणि मध्यंतरी त्यांनी आपल्या वकिलांना भावांच्या वकिलांबरोबर कोर्टाच्या आवारात हसत चहा घेताना पाहिले. तेव्हापासून ‘वकील फुटले’ ही शंका त्यांना झोपू देत नाही. शेजारच्या एका गृहस्थांनी दुसरे वकील सुचवले आहेत. ते आता एक रुपयाही घेणार नाहीत, निकालानंतर मिळालेल्या जमिनीतले चार गुंठे त्यांना द्यायचे. मुलाचे म्हणणे असे की आता कोल्हापुरातच हायकोर्टाचे सर्किट बेंच आले आहे, तर तिथे काम करणारा मोठा वकील करावा. पत्राच्या अखेरीस, जाता जाता, एक वाक्य आहे: वारसनोंदीच्या वेळी तलाठ्यांसमोर एका कागदावर आपण सही केली होती, हे वकिलांना आजवर सांगितलेले नाही, कारण "ते कळलं तर आपलीच बाजू लंगडी पडेल." विश्वासाचा आणि हुशार वकील ओळखायचा कसा, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई,

तुमचे पत्र मी तीनदा वाचले. पहिल्यांदा वाचताना तुमच्या वकिलांचा राग आला, दुसऱ्यांदा तुमची काळजी वाटली आणि तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आले की चार वर्षांत तुमच्या दाव्यात नेमके काय झाले, याबद्दल पत्रात एकही ओळ नाही. हा दोष तुमचा आहे असे मी म्हणत नाही. मी स्वतः वकील नाही, पण वडिलांच्या पश्चात आमच्या घराच्या दाव्यात अकरा वर्षे पक्षकार म्हणून कोर्टाच्या पायऱ्या चढले आहे, आणि त्यातली पहिली पाच वर्षे मीही तुमच्यासारखीच केवळ तारखा ऐकत होते.

तुम्ही ‘विश्वासाचा आणि हुशार’ हे शब्द जोडीने लिहिले आहेत. माझ्या अनुभवाने या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यांच्या जोडीला तिसरीही एक आहे, जिचा पक्षकार सहसा विचारच करत नाहीत: तो वकील आपल्या दाव्याला वेळ देतो का? आमचे पहिले वकील अत्यंत सज्जन होते. कायद्याचे ज्ञान उत्तम, बोलणे मायेचे, एका पैशाचाही खोटा हिशेब नाही. "तुम्ही कशाला खेटे घालता, मी आहे ना," असे ते म्हणत आणि आम्ही निर्धास्त राहत असू. एकदा मी दुसऱ्याच कामासाठी नक्कल काढायला गेले, तेव्हा आमचा दावा सात महिन्यांपूर्वीच गैरहजेरीत काढून टाकला गेल्याचे समजले. रोजनाम्यात, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झाले याच्या कोर्टाच्या नोंदींत, एवढेच होते: ‘पुकारा केला. वादी व वादीचे वकील गैरहजर.’ त्यांच्या हाताखालचे ज्युनिअर काम सोडून गेले होते, डायरीत तारीख चढवायची राहिली होती, आणि त्यांच्याकडे झेपतील त्यापेक्षा कितीतरी जास्त प्रकरणे होती. असा दावा पुन्हा बोर्डावर घेण्याच्या अर्जाला ३० दिवसांची मुदत असते. आम्हाला विलंब माफीचा अर्ज द्यावा लागला आणि दावा पूर्वपदावर यायला जवळजवळ दोन वर्षे गेली. ते वकील फुटलेले नव्हते, अडाणीही नव्हते, तरी आमचे नुकसान झाले ते झालेच. म्हणून ‘माणूस कसा आहे’ या प्रश्नाआधी ‘काम कुठवर आले आहे’ हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारावा, असे मला मनापासून वाटते.

हे शोधायला कोणाची परवानगी लागत नाही. प्रत्येक दाव्याला सोळा अक्षर-अंकांचा एक सीएनआर क्रमांक असतो. ‘ई-कोर्ट्स सर्व्हिसेस’ या शासकीय ॲपमध्ये तो टाकला की पुढची तारीख, ती कशासाठी नेमली आहे आणि मागच्या तारखांना काय झाले, हे मोबाइलवर दिसते. क्रमांक माहीत नसेल तर पक्षकाराच्या नावावरून शोधता येते. तुमचा मुलगा पाच मिनिटांत हे करील. पण मोबाइलवरच्या माहितीवर थांबू नका. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जाऊन नकलेचा अर्ज द्या. पक्षकार म्हणून तुम्ही स्वतः तो देऊ शकता. दावा अर्ज, भावांची कैफियत (लेखी उत्तर), न्यायालयाने काढलेले वादाचे मुद्दे, मनाई अर्जावरचा (निकालापर्यंत जमिनीत फेरबदल थांबवण्याच्या अर्जावरचा) आदेश आणि सुरुवातीपासूनचा रोजनामा एवढ्या कागदांच्या नकला घ्या.

मग घरी निवांत बसा आणि रोजनाम्याची प्रत्येक तारीख एका वहीत उतरवून तिच्यापुढे तारीख कोणामुळे लांबली ते लिहा. ‘प्रतिवादी क्र. २ यांना समन्स बजावणी नाही’, ‘न्यायाधीश रजेवर’, ‘प्रतिवादीतर्फे कैफियतीसाठी मुदतीचा अर्ज’, ‘वादीतर्फे मुदतीचा अर्ज, मंजूर’ अशा नोंदी तुम्हाला दिसतील. पहिल्या तीन प्रकारच्या नोंदी अधिक असतील, तर चार वर्षे जाण्यात तुमच्या वकिलांचा दोष थोडाच आहे. आपल्याकडे वाटपाचे दावे दुर्दैवाने असेच रेंगाळतात. ‘वादीतर्फे मुदत’ किंवा ‘वादी गैरहजर’ अशा नोंदी पुन्हा पुन्हा दिसू लागल्या, विशेषतः तुमच्या शपथपत्राची आणि सरतपासाची (तुमच्या स्वतःच्या साक्षीची) वेळ आल्यावर, तर मात्र तुमच्या शंकेला आधार आहे. सुनावणी सुरू झाल्यावर एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये असा दिवाणी प्रक्रिया संहितेचा नियम आहे. व्यवहारात तो नेहमी पाळला जात नाही, तरीही आपल्या बाजूने किती वेळा मुदत मागितली गेली हे पक्षकाराला ठाऊक असले पाहिजे.

याच कागदांत आणखी दोन गोष्टी शोधा. मनाईचा अर्ज, ज्याला कोर्टात सगळे ‘निशाणी पाच’ म्हणतात, तो दिला होता का, आणि त्यावर आदेश झाला का? झाला नसेल, तर भाऊ जमीन विकू शकतील किंवा तिच्यावर बोजा चढवू शकतील, ही भीती खरी आहे. दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकांकडे नोंदवली आहे का, हेही विचारा. दुसरे म्हणजे तुमच्या सहीची एखादी पुरसिस, म्हणजे कोर्टाला दिलेले लेखी निवेदन, दाखल झाली आहे का ते पाहा. पुरावा संपल्याची, तडजोडीची किंवा एखादी मागणी सोडून दिल्याची पुरसिस तुम्हाला न कळता कागदात आली असेल, तर ती गंभीर गोष्ट आहे. कोऱ्या कागदांवर सह्या दिल्याचे तुम्ही लिहिले आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते.

आता त्या चहाबद्दल. दोन्ही बाजूंचे वकील एकाच बार असोसिएशनचे सभासद असतात, रोज एकाच खोलीत बसतात. आज ते तुमच्या दाव्यात समोरासमोर उभे आहेत, उद्या दुसऱ्या एखाद्या प्रकरणात एकाच बाजूला असतील. कोर्टात कडाडून भांडणारे आणि बाहेर एकाच बाकावर बसून डबा खाणारे वकील मी डोळ्यांनी पाहिले आहेत. पक्षकाराच्या मनाला ते लागते, कारण आपल्यासाठी तो दावा म्हणजे आईवडिलांचे घर असते आणि समोर उभा असलेला सख्खा भाऊ असतो. तरीही त्या हसण्यावरून निष्कर्ष काढू नका. वकील खरोखरच फुटला असेल तर त्याच्या खुणा कागदांतच उमटतात: साक्षीदाराला विचारायचे प्रश्न विचारलेले नसतात, महत्त्वाचा दस्त हजरच केलेला नसतो, समोरच्यांच्या अर्जाला ‘हरकत नाही’ लिहिलेले असते. त्या खुणा तिथे नसतील, तर तुम्ही विनाकारण जळत आहात, ताई.

आता तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याकडे येते. तुम्ही ते सहज लिहून गेलात, पण मला ते सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. तलाठ्यांसमोर सही केलेला तो कागद तुम्ही वकिलांपासून लपवला. तुमच्या वकिलांवर तुमचा विश्वास नाही ही तुमची तक्रार आहे, परंतु त्यांना अर्धीच हकिकत देऊन तुम्हीही त्यांना अंधारात लढायला लावले आहे. तो कागद तुमच्या भावांना ठाऊक आहे. तुमच्या उलटतपासात त्यांचे वकील तो पुढे करतील, तुम्ही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या असाल, आणि तुमच्या वकिलांना तो त्याच क्षणी पहिल्यांदा दिसेल. त्यांच्याजागी कितीही नामांकित वकील असला तरी तेव्हा तुम्हाला वाचवू शकणार नाही.

आणि ज्या कागदाला तुम्ही इतक्या घाबरता, तो कदाचित तेवढा जड नसेलही. नोंदणी केलेले हक्कसोडपत्र आणि वारसनोंदीच्या वेळी दिलेला साधा जबाब यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. स्थावर मालमत्तेतला हक्क सोडण्याच्या दस्ताला साधारणपणे नोंदणी लागते, आणि नुसत्या फेरफार नोंदीने कोणाचा मालकी हक्क निर्माण होत नाही किंवा संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. तुमचा कागद यांतला कोणता आहे, हे तो पाहिल्याशिवाय कोणीच सांगू शकणार नाही. त्या फेरफाराची आणि जबाबाची नक्कल तहसील कार्यालयातून मिळते. ती काढून वकिलांसमोर ठेवा. पक्षकाराने वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट पक्षकाराच्या संमतीवाचून बाहेर न सांगण्याचे बंधन वकिलावर आहे आणि साक्षीच्या कायद्यानेही त्या गुप्ततेला संरक्षण दिले आहे. वकील हेच राहिले किंवा बदलले, तरी ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगा.

नात्यातला वकील केला की पैशाचे बोलायला जीभ रेटत नाही, हे मला कळते. आपल्याकडे पाहुण्याला पावती मागणे म्हणजे त्याचा अपमान, असे मानले जाते. त्यातून होते काय, की प्रत्येक तारखेला पाचशे-हजार द्यायचे, त्याचे नाव कधी ‘झेरॉक्स’, कधी ‘टायपिंग’, कधी ‘कारकुनाचे’, आणि चार वर्षांनी आकडा अंदाजाने सांगावा लागतो. वकिलांनीसुद्धा पक्षकाराच्या पैशाचा हिशेब ठेवावा, असे बार कौन्सिल ऑफ इंडियाचे व्यावसायिक आचरणाचे नियम सांगतात. तेव्हा तुम्ही हिशेब मागणे यात काही उर्मटपणा नाही. यापुढे रोख देऊ नका. मोबाइलवरून पाठवा, रकमेबरोबर ‘साक्षीपुराव्याची फी’ असे कारण लिहा, म्हणजे तीच पावती झाली. फी टप्प्यांनी ठरवता येते: दावा दाखल करताना इतकी, मनाई अर्जाला इतकी, पुराव्याला इतकी, युक्तिवादाला इतकी, आणि किरकोळ खर्च वेगळा. कोर्ट फीच्या नावाखाली तुमच्याकडून रक्कम घेतली असेल, तर तिची चौकशी अवश्य करा. राज्य शासनाच्या १९९४ च्या अधिसूचनेने महिलांना मालमत्तेच्या वादांसह काही प्रकारच्या प्रकरणांत कोर्ट फी माफ केली आहे. ती तुमच्या दाव्याला लागू केली होती का आणि नसल्यास का नाही, हे सरळ विचारा.

कोऱ्या कागदांबद्दल मात्र सौम्य राहू नका. ते परत मागा. परत मिळाले नाहीत तर ‘या सह्यांचा वापर माझ्या लेखी संमतीशिवाय करू नये’ असे तारखेनिशी कळवून ठेवा. वकीलपत्रावरचा छापील मजकूर फार थोडे पक्षकार वाचतात. त्यात अनेकदा तडजोड करण्याचा अधिकारही वकिलाला दिलेला असतो, आणि तो नको असेल तर सही करण्याआधी ते वाक्य खोडता येते. पक्षकाराच्या स्पष्ट सूचनेशिवाय वकिलाने त्याच्या हक्काला बाध आणणारी सवलत समोरच्याला देऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या एका निर्णयात स्पष्ट केले आहे. एका वाचक भगिनीने मागे कळवले होते, की त्यांनी वकीलपत्रावर सही केली ती उभ्या मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून, कारण एसटी सुटायची वेळ झाली होती. आपण कशावर सही केली हे त्यांना तीन वर्षांनी समजले. पुढची एसटी मिळते, ताई. कागद वाचून घ्या.

शेजाऱ्यांनी सुचवलेल्या चार गुंठ्यांच्या वकिलांना माझ्या मते नकार द्या. आज पैसे मागत नाहीत म्हणून ते उदार वाटतात, परंतु फी निकालावर अवलंबून ठेवणे किंवा दाव्यातून मिळणाऱ्या मालमत्तेत वाटा ठरवणे वकिलांना आचरणाच्या नियमांनी मना केले आहे. पहिल्याच भेटीत जो स्वतःच्या व्यवसायाचा नियम मोडायला तयार आहे, त्याच्या हाती वडिलांची जमीन कशी द्यायची? शिवाय जमिनीत वाटा असलेल्या वकिलाला तडजोड कधी करावी याबद्दलचा निःपक्ष सल्ला देणे अवघड जाते.

मुलाच्या सूचनेमागची भावना मी समजू शकते. चार दशकांहून अधिक काळ आंदोलने झाल्यानंतर १७ ऑगस्ट २०२५ रोजी सर्किट बेंचचे उद्घाटन झाले, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत काम सुरू झाले, आणि सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांची मुंबईची वारी वाचली. ती आनंदाची गोष्ट आहे. पण तुमचा दावा आज पहिल्या न्यायालयात आहे. तिथला निकाल लागला की जिल्हा न्यायालयात अपील, आणि त्यानंतर कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच उच्च न्यायालयात दुसरे अपील, असा हा क्रम आहे. साक्षीपुरावा नोंदवला जातो तो पहिल्याच न्यायालयात; तिथे राहून गेलेला पुरावा वरच्या न्यायालयात सहजासहजी देता येत नाही. त्यामुळे आज तुम्हाला गरज आहे ती रोज दिवाणी न्यायालयात उभे राहणाऱ्या, सातबारा, फेरफार आणि वंशावळ बारकाईने वाचणाऱ्या, उलटतपास चांगला घेणाऱ्या वकिलाची. उच्च न्यायालयात नाव कमावलेले वकील तिथल्या कामात थोर असतील, पण तुमच्या प्रत्येक तारखेला ते कसबा बावड्याला येणार नाहीत. त्यांचे ज्युनिअर येतील आणि फी मात्र मोठ्या नावाची पडेल.

वकील शोधण्याची माझी रीत साधी आहे, आणि तिला वेळ लागतो. न्यायालयाचे कामकाज खुले असते. एक दिवस मोडा, ज्या न्यायालयात तुमचा दावा आहे त्याच दालनात मागच्या बाकावर शांतपणे बसा आणि पाहा. पुकारा झाल्यावर कोण तयारीनिशी उभे राहते, कोण कागद चाळत मुदत मागते, कोणाच्या प्रश्नांनी साक्षीदाराच्या बोलण्यातली विसंगती उघडी पडते, हे कायदा न शिकलेल्या माणसालाही दिसते. आमचे दुसरे वकील मला असेच मिळाले. एका वयस्कर शेतकऱ्याच्या साक्षीला त्यांनी जमिनीच्या चतुःसीमा विचारताना नकाशा त्या आजोबांच्या हातात दिला आणि ते बोट ठेवून सांगेपर्यंत थांबले, ते मी पाहिले. बाहेर आल्यावर त्या आजोबांकडेच चौकशी केली. जिंकलेला पक्षकार वकिलाचे कौतुक करणारच. ज्यांचा दावा हरला त्यांना भेटून ‘पुन्हा काम पडले तर याच वकिलाकडे जाल का’ असे विचारा. माझ्या मते त्या उत्तराइतकी खरी माहिती दुसरीकडे मिळत नाही. वकिलांना जाहिरात करण्याची मनाई आहे, तेव्हा मोबाइलवर ‘शंभर टक्के निकाल’ सांगणाऱ्यांकडे फिरकू नका. सनदेबद्दल, म्हणजे वकिलीच्या परवान्याबद्दल, शंका वाटली, तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नावाची खातरजमा करता येते.

पहिल्या भेटीला नकलांचा संच न्या आणि एकच प्रश्न नीट विचारा: ‘माझे वडील १९९८ मध्येच वारले आणि माझे लग्न त्याआधी झाले, तर माझा हक्क कशावर उभा आहे?’ जाणकार वकील तुम्हाला साध्या मराठीत सांगतील, की हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतःच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेतली मुलासारखीच हिस्सेदार, मानले आहे, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा प्रकरणातल्या निकालाने वडील ९ सप्टेंबर २००५ रोजी हयात असण्याची अट उरलेली नाही. मग ते उलट विचारतील, की २० डिसेंबर २००४ पूर्वी भावांमध्ये नोंदणीकृत वाटप झाले होते का, जमीन वडिलोपार्जित की वडिलांची स्वकष्टार्जित, आणि तुम्ही कोणत्या कागदावर सही केली आहे का. असे प्रश्न विचारणारा वकील मला नेहमी अधिक भरवशाचा वाटत आला आहे. ‘काही काळजी करू नका, आपलाच निकाल’ एवढेच सांगणाऱ्याकडून फी न देता उठून या.

दोन वेगवेगळ्या वकिलांचे मत फी देऊन घ्या. पैशाची अडचण असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही महिलेला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळू शकतो; १५१०० या क्रमांकावर फोन करूनही मार्गदर्शन मिळते. मोफत मिळणारा वकील कमी दर्जाचा असतो, असे धरून चालू नका. त्यांनाही वर सांगितलेलेच प्रश्न विचारा.

कागद पाहिल्यावर वकील बदलायचेच ठरले, तर न्यायाधीश रागावतील ही भीती ठेवू नका. तो पक्षकाराचा अधिकार आहे. रीत अशी की सध्याच्या वकिलांकडून ‘ना हरकत’ घ्यायची आणि नव्या वकिलांचे वकीलपत्र दाखल करायचे. त्यांनी ना हरकत दिली नाही, तर न्यायालयाच्या परवानगीने जुने वकीलपत्र रद्द करून घेता येते. फी थकली आहे म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच ठरवले आहे. बदल मात्र पुराव्याच्या ऐन तारखेला करू नका आणि नव्या वकिलांना कागद वाचायला पुरेसे दिवस द्या.

वकिलांनी खरोखर गैरवर्तन केल्याचे कागदांवरून दिसले, तर ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ च्या कलम ३५ खाली बार कौन्सिलकडे तक्रार करता येते आणि समज देण्यापासून सनद रद्द करण्यापर्यंत कारवाई होऊ शकते. ग्राहक न्यायालयाचा मार्ग १४ मे २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंद झाला आहे. पण आज तुमच्या हातात शंकेपलीकडे काही नाही. तेव्हा तक्रारीचा विचार तूर्त बाजूला ठेवा.

सर्वांत आधी वकिलांना पुढीलप्रमाणे लिहा. भाषा आदराची ठेवली आहे, कारण ते उद्याही दिरांचे सोयरे असणार आहेत आणि कदाचित त्यांची काही चूक नसेलही:

‘आदरणीय साहेब, माझ्या वाटपाच्या दाव्याची सद्यस्थिती समजून घ्यायची आहे. मनाई अर्जाचा आदेश, माझ्या शपथपत्राची तारीख आणि आजवर दिलेल्या रकमेचा हिशेब कृपया द्यावा. मी सही केलेले कोरे कागद परत मिळावेत. वडिलांच्या वारसनोंदीबाबत एक गोष्ट मी आपल्याला सांगितली नव्हती. ती समक्ष सांगायची आहे. आपल्या सोयीची वेळ कळवावी.’

हा मजकूर मोबाइलवर पाठवा आणि आठ दिवस वाट पाहा. त्यांनी वेळ दिली, तर मुलाला बरोबर घेऊन, वही आणि नकला हातात ठेवून भेटा. चार वर्षांत जे बोलणे झाले नाही ते अर्ध्या तासात होऊ शकते. उत्तर आले नाही, तर हेच पत्र त्यांच्या कार्यालयाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती जपून ठेवा. दरम्यान रोजनामा हाती आला की त्यात तुमच्या बाजूने किती वेळा मुदत मागितली गेली आहे, ते मला अवश्य कळवा.